हिच्या यादीतली पुस्तकं

१

आमच्या घरात पुस्तकं नेमकी किती, यावर चौतीस वर्षांत आमचं एकमत झालं नव्हतं. मी म्हणायचो अडीच हजार. ही म्हणायची, "माळ्यावरची तू धरतच नाहीस, ती काय उंदरांची आहेत?"

आमची ही दातांची डॉक्टर. मी मुद्रितं तपासण्यात जन्म काढला. म्हणजे दोघांचाही धंदा दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा. फक्त तिच्यासमोर लोक आपण होऊन तोंड उघडायचे आणि माझ्या तोंडावर दार लावायचे. मला ती लाडाने शुद्धिपत्र म्हणते. चिडली की शुद्धिपत्रसाहेब. मी तिला डॉक्टर म्हणतो, चिडलो तरी डॉक्टरच.

यंदा आमची लेक चार दिवस राहायला आली आणि तिने या प्रकरणाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. आमच्या दोघांच्या फोनवर आणि घरातल्या कॉम्प्युटरवर तिने पुस्तकांचं एक ॲप घातलं. पुस्तकामागच्या पट्ट्यांवर फोन धरायचा की पुस्तक यादीत जातं. ज्यांना पट्टी नाही त्यांची नावं हाताने भरायची. ते काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं. चौथ्या दिवशी आकडा आला तीन हजार एकशे सात. ही दिवसभर माझ्याकडे बघून नुसती हसत होती.

मग टॅग. लेकीने आम्हाला दोघांना शाळेतल्या पोरांसारखं टेबलाशी बसवून समजावलं. टॅग दोन तऱ्हेचे. सामायिक टॅग दोघांनाही दिसतात, म्हणजे त्यात कामाच्या गोष्टी लिहायच्या: बाहेरची खोली, डावं कपाट, तिसरा खण. खासगी टॅग ज्याचा त्याला. तिथे मनात येईल ते लिहावं, दुसऱ्याला ते दिसत नाही.

"म्हणजे मी काय लिहिलं ते ह्याला कळणार नाही?" हिने विचारलं.

"नाही."

"चौतीस वर्षं हेच शोधत होते मी," ही म्हणाली आणि फोन घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली.

ती तिची जागा. तिचा दवाखाना खाली, तळमजल्यावर. एक ते चार बंद असतो. त्या वेळात ती खिडकीशी खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात पुस्तक. काय वाचतेस विचारलं तर म्हणणार, काही नाही. त्या "काही नाही"चा मला लग्न झाल्यापासून हेवा वाटत आलाय, हे आधीच सांगून टाकतो.

२

जाताना लेकीने मला त्या ॲपचा व्यवस्थापक करून ठेवलं. "कुणीतरी एक लागतो बाबा, आणि आईला वेळ नाही." ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी कॉम्प्युटरवर बसलो. ही खाली पेशंट बघत होती. तिच्या ड्रिलचा आवाज जमिनीतून वर येतो, बारीक, सतत. मला आता त्याशिवाय काम सुचत नाही.

व्यवस्थापकाला सगळ्यांच्या खासगी टॅगची नावं आणि आकडे दिसतात. आतली पुस्तकं दिसत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावर मी शहाण्या माणसासारखं ते पान बंद करायला हवं होतं. पण माझं लक्ष भलतीकडेच गेलं. माझ्या बाजूला टॅग होता "वाचलं", नऊशे चाळीस पुस्तकं. तिच्या बाजूला होता "झालं", सहाशे अकरा.

एकाच गोष्टीला दोन नावं. हे ज्याने तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत त्याच्या डोळ्यात कुसळासारखं खुपतं. पहिल्या प्रकरणात आत्या आणि पाचव्यात आतेबाई, असं दिसलं की मी लेखकाला रात्रीचा फोन करायचो. त्यामुळे शिष्टाचार वगैरे माझ्या डोक्यातही आला नाही. बाजूला बटण होतं: एकत्र करा. कुठलं नाव ठेवायचं, त्याने विचारलं. मी माझं ठेवलं. मग एक चौकट आली: हे टॅग पुन्हा वेगळे करता येणार नाहीत. मी हो म्हटलं.

आकडा झाला पंधराशे एक्कावन्न. खाली ड्रिल थांबलं. ते दिवसातून चाळीसदा थांबतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

३

दोनेक दिवसांनी डाव्या कपाटात मी काहीतरी दुसरंच शोधत होतो, आणि हाताला एक बारकं पुस्तक लागलं. दीपगृहावर एकट्याने राहिलेल्या एका माणसाच्या आठवणी. पुस्तक हिचं, लग्नाआधीपासूनचं. मी ते कधी वाचलेलं नाही. समुद्र मला पुस्तकातसुद्धा लागतो.

पण हातात धरलं आणि मला कळलं की साठाव्या पानाच्या आसपास त्याचा दिवा फुटतो. मी उघडून पाहिलं. एकसष्टाव्या पानावर फुटत होता.

बरं, असेल कधीतरी चाळलेलं, असं मी स्वतःला समजावलं. माणूस साठीनंतर काय काय विसरतो. पण त्या आठवणीबरोबर बोटांना लवंगेच्या तेलाचा वास होता. कानांमागे मास्कच्या दोरीचा काच होता. दिवा फुटतो ते वाक्य वाचून मी पुस्तक छातीशी धरलं होतं, स्टुलावर पाय होते, आणि खोलीच्या दारातून कुणीतरी विचारत होतं, चहा टाकू का.

मी मान वर करून दाराकडे पाहिलं, म्हणजे त्या आठवणीत. दारात मी उभा होतो.

चष्मा डोक्यावर, केस मधोमध गेलेले, शर्टाचं एक बटण चुकून वरच्या काजात. बघणाऱ्याला ते बटण दिसत होतं आणि ते सांगायचं नव्हतं, कारण तो तसाच बरा दिसत होता. छातीत काहीतरी ऊबदार हललं. मला माझ्याबद्दल असं कधीही वाटलेलं नाही. मी कपाटाला टेकून किती वेळ उभा राहिलो ते सांगता येत नाही.

दुपारी ही वर आली, हात धुतले, आणि टेबलावर पडलेलं ते पुस्तक उचलून म्हणाली, "हे केव्हा आणलंस?"

"मी?"

"मग काय मी? समुद्राचं आहे, म्हणजे माझ्यासाठीच आणलं असशील." तिने दोनचार पानं उलटली. समासात पेन्सिलीच्या रेघा होत्या, तिच्याच, ती नेहमी काढते तशा जरा वाकड्या. "जुनं घेतलंस वाटतं. कुणीतरी रेघा मारल्यात. हरकत नाही, बाई बऱ्या जागी रेघा मारते."

ती खिडकीशी बसली. तासाभराने मी दारातून डोकावलो तर तिने पुस्तक छातीशी धरलं होतं.

"शुद्धिपत्र," ती म्हणाली, "त्याचा दिवा फुटला रे."

४

मला भीती वाटली, ती त्या पुस्तकाची नव्हती. या वयात बायको असं काही विसरली की नवऱ्याच्या मनात एकच शब्द येतो, आणि तो मी इथे लिहिणार नाही. तिच्या आईचं शेवटी काय झालं ते मी पाहिलेलं होतं.

म्हणून मी तपासायचं ठरवलं. तपासणं मला जमतं. गप्पांच्या ओघात मी एकेक पुस्तक काढायचो. कोणती पुस्तकं तिच्या "झालं"मधून आली ते मला आता माझ्याच यादीत दिसत होतं. त्यातली सहा घेतली, आणि तिने अर्धवट सोडलेली म्हणून मला माहीत असलेली दुसरी सहा. अर्धवटांबद्दल ती धडाधड बोलली. कुठल्या पानावर कंटाळली, कोणत्या पात्राला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, सगळं. पेशंटांच्या दाढा तिला नंबरानिशी पाठ होत्या. लेकीच्या शाळेतल्या बाईंचं आडनाव मी विसरलो होतो, ते तिनेच सांगितलं.

पण पहिल्या सहांतलं एकही तिला माहीत नव्हतं. आणि मला सहाच्या सहा येत होती. नुसती गोष्ट नव्हे, ते वाचताना बाहेर ऊन होतं की ढग, पोटात लेक किती महिन्यांची होती, हेसुद्धा. बाळाने पोटातून मारलेली लाथ मला आठवत होती. हे मी कुणाला सांगणार?

शेवटी लेकीला फोन केला. साध्या आवाजात विचारलं, एकत्र केलेले टॅग सोडवता येतात का.

"बाबा, ते आधी विचारतं ना."

"विचारलं होतं."

"आणि तू न वाचता हो म्हणालास? तू?" ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "नाही सुटत ते. फार तर तुझा अख्खा टॅग आईच्या नावावर कर. पण मग तुझं त्यातलं सगळं तिच्याकडे जाईल, तुझ्याकडे काही राहणार नाही."

"तसं कोण करतंय," मी म्हणालो.

५

आता लाज वाटायची गोष्ट सांगतो. मला काय होतंय ते नक्की कळल्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

ज्या बाईने चौतीस वर्षं "काही नाही" म्हणून पान उलटलं, तिच्या त्या "काही नाही"च्या आत मी आता हिंडत होतो. तिथे काय नव्हतं. एका प्रवासवर्णनाच्या मधोमध तिने ठरवलं होतं की दवाखाना बंद करून चित्रकला शिकायची, आणि तीन पानांनी बेत बदलला होता. एका रडक्या कादंबरीत ती रडली नव्हती, पण माझा खोकला ऐकून रडली होती, कारण त्या वर्षी मला न्यूमोनिया झाला होता आणि मला तिने सांगितलं होतं की काळजीचं कारण नाही. मी स्वयंपाकघरात भांडी घासताना एकदम हसायचो आणि ती विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही."

तिच्या यादीत आणखी एक टॅग होता, "दुपार", अठ्ठ्याऐंशी पुस्तकं. पहिल्यांदा मी चुकून केलं होतं. या खेपेला मुद्दाम केलं. ही खाली होती, ड्रिल चालू होतं, आणि चौकट आली तेव्हा मी ती नीट वाचली. अक्षर न् अक्षर वाचली आणि हो म्हटलं.

त्या दुपारी ती वर आली, हात धुतले आणि खोलीच्या मध्यभागी उभी राहिली.

"काय ग?"

"नाही, मी या वेळी काय करते रे?"

"वाचतेस."

"हो का?" ती खुर्चीत जाऊन बसली. पाय स्टुलावर ठेवले नाहीत. हात मांडीवर ठेवून बसली, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसतात तशी. मी स्टूल सरकवून दिलं तर म्हणाली, "राहू दे, कशाला त्रास घेतोस." आमच्या घरात असं कुणी कुणाला बोलत नाही.

थोड्या वेळाने ती उठून कपाटाशी गेली. पुस्तकांच्या पाठींवरून एक बोट फिरवत गेली, पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत, परक्या घरी पाहुणा फिरवतो तसं, एकही बाहेर न काढता.

"यातली माझी कुठली?" तिने विचारलं.

मी तिला तिची दाखवत सुटलो. हे तुझं, हे तुझं, हे तुला मावशीने दिलं, हे तू माझ्या हातून हिसकावून घेतलंस. ती प्रत्येकाला मान डोलावत होती. ऐकून घेत होती, पटत नव्हतं.

६

रात्रभर मी तळमळलो आणि सकाळी तिला सगळं सांगितलं. दवाखान्याला सुट्टी होती. आम्ही टेबलाशी बसलो होतो आणि मध्ये दोन कप होते. मी "एकत्र करा"च्या बटणापासून सुरुवात केली आणि "दुपार"पर्यंत आलो. वेड्यासारखं वाटेल असं काही मी गाळलं नाही. ती डॉक्टर आहे. पेशंट बोलत असताना ती मध्ये बोलत नाही.

"पहिलं चुकून?" तिने शेवटी विचारलं.

"हो."

"आणि दुसरं?"

"दुसरं नाही."

तिने कप बाजूला सरकवला. मला वाटलं, आता शुद्धिपत्रसाहेब येणार. आलं असतं तर बरं झालं असतं.

"कसं होतं रे?" ती म्हणाली. "म्हणजे मी वाचत असताना. आतून कसं होतं?"

"छान होतं," मी म्हणालो.

"सांग ना एखादं."

मी तिला दीपगृहाच्या दुपारचं सांगितलं. दिवा फुटला, पुस्तक छातीशी धरलं, दारात मी आलो, माझं बटण चुकलं होतं, ते तिने मला सांगितलं नाही. का नाही सांगितलं तेही सांगितलं. ती हनुवटीखाली हात धरून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"गोड आहे," ती म्हणाली. "ती बाई चांगली वाटते."

ती उठून खिडकीशी गेली. मी कॉम्प्युटरपुढे जाऊन बसलो, कारण मला दुसरीकडे कुठे बसवेना.

तिच्या बाजूची यादी आता आखूड झाली होती. "अर्धवट" होता, आणि अगदी खाली एक होता, जो मी आधी नीट पाहिलाच नव्हता: "फक्त माझं". आकडा एक. एकच पुस्तक. माझी खोड काही जात नाही बघा: इतकं सगळं झाल्यावरही माझं बोट त्याच्याकडे गेलं. तीन हजार एकशे सातांतलं ते कुठलं एक? त्यात काय असेल? मी आहे का त्यात? उघडायला बटण नव्हतंच. ते कळायचा एकच मार्ग होता, आणि तो धरला की तिच्याकडे काय उरलं असतं ते मी नुकतंच ऐकून आलो होतो.

मी बोट काढून घेतलं. यादीत वर जाऊन "वाचलं" उघडला. सोळाशे एकोणचाळीस पुस्तकं. त्यातली नऊशे चाळीस माझी, मी पाचवीत असल्यापासूनची. आजारपणात वाचलेली, नोकरीसाठी वाचलेली, लेकीला मांडीवर घेऊन वाचलेली, काही तर मीच तपासून छापायला पाठवलेली. लेक म्हणाली होती तसा पर्याय होता: मालक बदला. मी हिचं नाव निवडलं. चौकट आली: यानंतर हा टॅग तुम्हाला दिसणार नाही.

बाहेरच्या खोलीत ती खिडकीच्या गजांवर बोटाने ताल धरत होती, वेळ जात नसलेल्या माणसासारखा. मी हो म्हटलं. ताल थांबला.

७

मला काही झालं नाही. म्हणजे दुखलं खुपलं नाही, चक्कर आली नाही. मी कोण, काय काम केलं, लेकीचा नंबर काय, सगळं जागच्या जागी होतं. मी फक्त कपाटाकडे पाहिलं, आणि ते एक कपाट होतं. त्यात पुस्तकं होती, बरीच. कुणीतरी हौसेने जमवलेली असावीत.

बाहेरून हसू आलं. पोट धरून हसतात तसं. मी धावत गेलो.

ती खुर्चीत होती आणि पाय स्टुलावर होते. मांडीवर चार पुस्तकं, हातात पाचवं. "शुद्धिपत्र, इकडे ये. हे तू तपासलेलं ना? बेचाळिसाव्या पानावर एक स्वल्पविराम सुटलाय. वीस वर्षं तुला हे खात होतं आणि मला बोलला नाहीस?"

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"मला आठवतंय." ती अजून हसत होती. मग माझ्याकडे पाहत राहिली, नव्याने बघतात तशी. "आणि तुझी दाढ कधीच दुखत नव्हती. तीनदा आलास दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर जाडजूड पुस्तक उघडून बसायचास आणि त्याच्या कडेवरून आत बघायचास. एक पान वाचलं नाहीस त्यातलं, आणि ते 'वाचलं'मध्ये घातलंस. लबाड."

हे खरं असणार. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पण तिच्या तोंडून ऐकायला इतकं बरं वाटलं की मी तिच्या पायापाशी जमिनीवर बसलो, गुडघे दुखत असताना, आणि म्हटलं, "अजून सांग."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वेडा आहेस," ती म्हणाली. "सगळं देऊन टाकलंस?"

"तुझंच होतं अर्धं."

"आणि उरलेलं?"

"ते आता वाचून दाखव."

८

तेव्हापासून दुपारी ती मला वाचून दाखवते. मला सगळीच पुस्तकं नवी. ही चैन फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. ती वाचते मात्र माझ्यासारखी. आमच्या धंद्यात दोघं बसतात. एक मूळ प्रत मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट, दुसरा छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ऐकतो. "तो उठला स्वल्पविराम दार उघडलं आणि बाहेर आला पूर्णविराम." तिला हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी तिचं तिलाच हसू आलं, आता तिच्या लक्षातही येत नाही.

मागच्या आठवड्यात मला वाटलं की तिच्या आवाजाला खोलीत थोडा घुमारा येतोय. पडदे धुवायला काढले होते, त्यामुळे असेल. पडदे परत लावले. घुमारा राहिला. तिच्यामागून अर्ध्या शब्दाने येतो, हलका, पुटपुटल्यासारखा, आतल्या खोलीच्या बाजूने. ती श्वास घ्यायला थांबली की तो ओळ पुरी करून थांबतो.

मी सरळ विचार केला. आतल्या खोलीत टेबल आहे, कॉम्प्युटर आहे, उजवं कपाट आहे. खिडकी बंद असते. शेजारच्यांचा रेडिओ त्या भिंतीला नाही. काल सकाळी ही खाली गेल्यावर मी तिथे जाऊन बसलो, तासभर बसलो, काही नाही. नुसतं ड्रिल. बसलोच आहे तर म्हणून ॲप उघडलं. माझ्या बाजूला काहीच नाही, ते ठाऊक होतं. तिच्या बाजूला मोठा आकडा होता, आणि खाली "फक्त माझं". त्यापुढे एक होता, तिथे दोन झाला होता. पुस्तकांची एकूण संख्या तीन हजार एकशे आठ. नवं पुस्तक आम्ही घेतलेलं नाही.

मी तिला विचारलं नाही. तिचा टॅग खासगी आहे.

आज दुपारी ती वाचत होती. पाय स्टुलावर, मी शेजारी खुर्ची ओढून. पुटपुट चालू होतं. आतल्या खोलीचं दार पूर्ण लागत नाही, हातभर फट राहते. मी मान जराशी वळवली. टेबलाची कड दिसली, उघड्या पुस्तकाचा कोपरा दिसला, आणि त्याच्यावर टेकलेलं एक कोपर. राखाडी स्वेटर, कोपरापाशी विरलेला. तोच स्वेटर त्या वेळी माझ्या अंगात होता. एक बोट ओळीवरून चाललं होतं, डावीकडून उजवीकडे, सावकाश. मी तीस वर्षं चालवलं तसं. ओळ संपली, बोट खाली आलं.

मी उठायला लागलो. तोंड उघडलं, पण काय हाक मारायची ते मला समजेना.

हिने वाचणं न थांबवता माझा हात धरला. वाक्य संपवलं, पूर्णविरामासकट, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "हाक मारू नकोस. त्याची ओळ चुकेल."

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"तू दिलास ना मला." तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दीपगृहाच्या दुपारी दारातल्या माणसाकडे ती कशी बघत होती ते तिने मला परवाच सांगितलं होतं, आणि आता ती तशीच बघत होती, पण माझ्या खांद्यावरून पलीकडे, त्या फटीकडे. "दिवसभर वाचतो बिचारा. काही मागत नाही."

"मग मी?"

"तू इथे बस. माझ्याजवळ." तिने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्यावर आपला ठेवला. तो ऊबदार होता, त्याला लवंगेच्या तेलाचा वास होता. मी बसलो. तिने पान उलटलं, आणि आतही एक पान उलटलं. तिने पुढची ओळ वाचायला घेतली, मध्येच तिला खोकला आला आणि ती थांबली.

स्वल्पविराम, आतून कुणीतरी म्हणालं, अगदी हळू, माझ्या आवाजात, आणि ती पुढे वाचू लागली.